विरळ हवेतलं घर

१

डॉक्टर उरिओनांनी ऑक्सिजनचं मशीन आणलं त्या सकाळी देल्फिना दुकान लावत होती. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. बटणं, चेन, लोकरीचे गुंडे, दोऱ्यांची रिळं. डॉक्टर मशीन छातीशी धरून उंबऱ्यात उभे राहिले आणि बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. खालच्या कोचाबांबाचा माणूस तो, इतक्या उंचावरच्या एल आल्तोची विरळ हवा त्यांना कधी मानवली नाही.

"इथं वर आलो की माझा अर्धा मेंदू खालीच राहतो," ते म्हणाले. "मास्तरांना हसायचा मला तरी काही हक्क नाही."

मास्तरांना हसणारे वस्तीत पुष्कळ होते. मास्तर, म्हणजे देल्फिनाचे वडील कासिमिरो तार्की, यांनी इथल्या दोन पिढ्यांना गणित शिकवलं होतं. मग त्यांचं रक्त दाटायला लागलं. उंचावर जन्म काढलेल्या काही माणसांचं तसं होतं: ओठ जांभळे, नखं निळी, डोकं सदा जड. एकदा भर वर्गात सात आठे किती ते त्यांना आठवेना. पोरं आधी गप्प बसली, मग एक जण हसला, मग सगळा वर्ग हसला. शाळेनं हार घालून त्यांना घरी बसवलं. तरीही अधूनमधून ते सकाळी उठून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहत, कधी दोन पायांत दोन वेगळे बूट. त्यांना हाताला धरून घरी आणताना देल्फिना मान खाली घालून चाले. आपल्याला बापाची लाज वाटते, याची तिला आणखी लाज वाटे.

डॉक्टरांनी मास्तरांना पाच शब्द सांगितले. छत्री, मेंढी, वीट, बुधवार, लिंबू. थोड्या वेळानं विचारलं, तर मास्तरांना मेंढी तेवढी आठवली. बाकीच्या चारांसाठी ते डॉक्टरांकडे बघून ओशाळं हसले.

"रोज नळी लावायची," डॉक्टर म्हणाले. "झोपेत, आणि दिवसाही जमेल तितकी. मेंदूला पोटभर हवा मिळाली तर किती फरक पडतो, तेच आम्हाला बघायचंय. आणि वीज गेली तर हा छोटा सिलिंडर."

देल्फिनाची आई, इलारिया, कोकाच्या पानांचा चहा घेऊन आली होती. मशीन सुरू झालं, त्याची घरघर खोलीत भरली, तशी तिनं कप कॉटवर ठेवला.

"मला नाही बाई हा आवाज सोसत. कानात मुंग्या चालल्यागत वाटतं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

चहा कॉटवर कलंडला. देल्फिनानं पुसून घेतला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

२

दहा-बारा दिवसांत बाप परत आला. दुसरा शब्द नव्हता त्याला. ओठांचा रंग उतरला, डोळे टवटवीत झाले. एका सकाळी ते दुकानात येऊन उभे राहिले आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून म्हणाले, "'बटणं' असं लिहिलंयस प्रत्येक बरणीवर. बटणंच आहेत ते दिसतंय की. मापं लिही."

गिऱ्हाईक हसलं. देल्फिनाही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

जुने विद्यार्थी भेटायला येऊ लागले. त्या वेळी वर्गात पहिल्यांदा हसलेला मुलगाही आला, आता टक्कल पडलेला. मास्तरांनी त्याला नावानं ओळखलं. "काय रे, सात आठे किती?" त्यानं खाली बघत छप्पन्न सांगितले. "बरोबर. बस. देल्फिना, याला पाव दे."

त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. इलारिया नेहमीसारखी सूप वाढून चुलीशी उभी होती. मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"तुम्ही बसा ना," ते म्हणाले. "उभ्या का?"

पाहुणा हसला. देल्फिनाही हसली. बाबा जन्मात आईला 'तुम्ही' म्हणाले नव्हते.

"बघा, हवा डोक्यात गेली म्हाताऱ्याच्या," इलारिया म्हणाली आणि तीही हसली. पण सगळ्यांचं हसून झाल्यावर हसली.

३

ते 'तुम्ही' गेलं नाही. "मीठ देता का जरा?" "तुम्ही कशाला त्रास घेता?" बाप आईशी असा बोलायचा, जणू ती कोणाच्या तरी ओळखीनं आठवड्यासाठी राहायला आलेली बाई. वागण्यात कडवटपणा नव्हता. उलट इतकं अदबीनं ते कधीच वागले नव्हते. इलारिया मागतील ते देई. मशीन चालू असलेल्या खोलीत मात्र ती आता पाऊल टाकत नसे. मास्तरांची ताटली दाराशी ठेवून मागे वळे.

एका सकाळी दुकानात कोणी नव्हतं. मास्तर स्टूल ओढून देल्फिनाजवळ बसले. नाकातली नळी छोट्या सिलिंडरला लावलेली होती.

"ही बाई किती दिवस राहणार आहे?"

"कोण बाई?"

"स्वयंपाकघरातली. चांगली आहे बिचारी, मी काही म्हणत नाही. पण इलारिया आली म्हणजे तिला काय सांगायचं?"

देल्फिनाच्या हातातली कात्री तशीच राहिली. "बाबा, आईच आहे ना ती."

"तुझी आई कारानावीला गेली," मास्तर म्हणाले. हट्ट नाही, चिडणं नाही. फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं एकेक पायरी मांडत. "खाली मावशीकडे. दरड कोसळली. रस्ता बंद झाला. बरोबर?"

"बरोबर. आणि मग आई परत आली."

"कोण आलं?"

"आई!"

"दार कोणी उघडलं होतं?"

"मी."

"मग तू सांग, कोण आलं."

देल्फिनानं आठवून पाहिलं. आठ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तिला आठवत होती. दार वाजलं होतं. आई उभी होती. आपण तिच्या गळ्यात पडून रडलो होतो. एवढंच, आणि तेही दुसऱ्या कोणी सांगितल्यासारखं.

मास्तर आपल्या तळहातांकडे बघत होते. "मी शोधायला जाणार होतो गं. कोटही काढून ठेवला होता. मग ही आली, आणि मी बसून राहिलो. आठ वर्षं. बायको कुठं तरी रस्त्यात आहे, आणि मी इथं सूप पीत बसलो." त्यांचा आवाज फार हळू झाला. "माणसानं इतकं निर्लज्ज असावं?"

४

पुढच्या शनिवारी मास्तरांनी पाचही नवे शब्द सांगितले, शिवाय मागच्या खेपेचे पाच न विचारता. डॉक्टर उरिओना खुशीत होते. देल्फिनानं त्यांना दुकानात घेऊन सगळं सांगितलं. सांगताना तिची नजर काउंटरवर होती, जणू घरातली घाण चव्हाट्यावर मांडत होती.

"असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "घरचं माणूस परकं वाटायला लागतं. पण तेव्हा सहसा बाकीचंही बिघडतं. मास्तरांचं तर बाकी सगळं..." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "जरा वेळ नळी काढून बघू या?"

नळी काढली, मशीन बंद केलं. घरघर थांबताच घर इतकं शांत झालं की छताचा पत्रा उन्हानं तडतडत होता तोही ऐकू येऊ लागला. इलारिया आत आली. हात पुसत नवऱ्याशेजारी कॉटवर बसली. मास्तर अंग चोरून बसले. डॉक्टर इकडतिकडचं बोलत राहिले. हळूहळू मास्तरांचे खांदे सैल पडले, ओठांवर जांभळी छटा आली, बोलता बोलता शब्द निसटायला लागले. कधी तरी त्यांचा हात आपसूक उचलला गेला आणि इलारियाच्या हातावर जाऊन पडला.

"इलारिया," ते म्हणाले. "भूक लागली गं."

"वाढते हं," इलारिया म्हणाली. तिनं देल्फिनाकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता. विनवणी होती.

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. घरघर सुरू झाली. या वेळी इलारिया उठली नाही. कदाचित उठायचं राहून गेलं, कदाचित हात सोडवेना. देल्फिना त्या दोन हातांकडे बघत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाबांची बोटं थोडी ताठ झाली. आपण कोणाचा हात धरलाय हे त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. बाजारात चुकून परक्या बाईला धक्का लागल्यावर सभ्य माणूस जसा बाजूला होतो, तसा त्यांनी आपला हात हळूच काढून मांडीवर घेतला.

"माफ करा," ते म्हणाले.

डॉक्टर पेन शोधत होते. त्यांना ते सापडेना.

५

देल्फिना स्वतःशी वाद घालत होती. बाबांचा मेंदू बरीच वर्षं अर्धपोटी होता. एखादा कोपरा कायमचा वाळून गेला असेल. आई तर आईच आहे. रोज पहाटे पाव आणते, आपली वेणी घालते, आपल्याला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिली. आठ वर्षांत तिनं कोणाचं वाईट केलं नाही. एकदाही आवाज चढवला नाही.

पण पूर्वीची आई आवाज चढवायची, असं तिला आठवलं. चांगली कडाडायची. कधी थांबलं ते?

"तू एकदा लावून बघ," मास्तरांनी तिला सांगितलं होतं. "फक्त एकदा. आणि मग मला वेडा म्हण."

एका दुपारी मास्तर एका विद्यार्थ्याबरोबर केस कापायला गेले. देल्फिना त्यांच्या कॉटवर बसली. मशीन सुरू केलं असतं तर आवाज झाला असता, म्हणून तिनं सिलिंडर घेतला. आजाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं तिला वाटलं. तिनं नळी नाकात घातली आणि सिलिंडरची चावी फिरवली.

आधी नुसता गारवा. मग खोलीवरून कोणी ओलं फडकं फिरवावं तसे रंग स्वच्छ झाले. भिंतीतल्या विटा वेगवेगळ्या दिसायला लागल्या. आणि न बोलावता ती संध्याकाळ आली. पाऊस पडत होता. मुसळधार. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. दार उघडलं तेव्हा आईचे परकर कोरडे होते. हातात बोचकं नव्हतं. "आले बाई," ती म्हणाली होती, आणि त्याआधी तिनं देल्फिनाच्या खांद्यावरून घरात पाहून घेतलं होतं, कोण कोण आहे ते.

अंगणात इलारिया पाट्यावर मिरची वाटत होती. दगडावर अर्धगोल दगड डुलवत. तो आवाज देल्फिना लहानपणापासून ऐकत आली होती. वाटणारं माणूस मध्ये थांबतं, दम खातं, केस मागे सारतं, पुन्हा कामाला लागतं. इतक्या उंचावर तर थांबावंच लागतं. हा आवाज थांबत नव्हता. देल्फिनाचे कितीतरी श्वास घेऊन झाले, आणि बाहेर दगड एका लयीत डुलत राहिला.

मग तो बंद झाला. पावलं वाजली नाहीत. दार उघडलं.

खोलीत पाहणारं कोणी नाही, अशा बेफिकिरीनं ती आत आली. देल्फिना तिला दिसली. नाकातली नळी दिसली. आणि अवचित परका माणूस समोर आल्यावर बाई घाईघाईनं शाल सावरते, तसा तिनं चेहरा सावरला.

क्षणाचंच काम. सावरण्याआधी तिथं काय होतं ते देल्फिनाला पुढं कधी नीट आठवलं नाही. भयंकर असं काही नव्हतं. दिवसभर धरून ठेवलेलं काही तरी, कोणी नाही म्हणून सैल सोडलेलं, एवढंच. पण त्यात आई कुठंच नव्हती.

"दमलीस का गं?" तिनं विचारलं. आवाज आईचा होता. सूर मायेचा होता.

देल्फिनानं नळी ओढून काढली. थोड्या वेळात विटा पुन्हा एकमेकींत मिसळून गेल्या.

संध्याकाळी बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "लावलीस?"

"लावली."

"मग?"

"काही नाही, बाबा," देल्फिना म्हणाली. "काही दिसलं नाही."

मास्तरांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. वर्गात पाठ न करता उभ्या राहिलेल्या मुलाकडे ते असंच बघत.

६

रविवारी सकाळी ते कोट घालून, टाय बांधून तयार झाले. सिलिंडर त्यांनी रंगीत चादरीत गुंडाळून, बायका तान्हं मूल बांधतात तसा पाठीवर बांधला होता; नळी नाकात होती.

"कारानावीची बस दहाला आहे. मी चौकशी केली. तू येतेस?"

इलारिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पावाची पिशवी होती. मास्तरांकडे तिनं पाहिलं नाही. देल्फिनाला म्हणाली, "मी तुम्हाला काही त्रास दिला का गं?"

देल्फिनाला वाटलं, दिला असता तर किती सोपं झालं असतं. बाबांचं खरं मानायचं, तर आपण कोणाला आई म्हणालो, कोणाच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि ज्या बाईला खरोखर आई म्हणायचं तिला किती पावसाळे रस्त्यावर टाकून दिलं, हे सगळं एकदम मानावं लागणार होतं. तिला ते पेलेना.

"थांबा बाबा, गाठ सुटलीय," ती म्हणाली.

ती त्यांच्या मागे गेली. चादरीची गाठ पक्की होती. तिनं चादरीत हात घातला, सिलिंडरची चावी चाचपली आणि बंद केली.

दोघं बाहेर पडले. थांब्यापर्यंत चढ होता. मास्तर झपझप चालत होते, वाटेत लोकांना नमस्कार करत होते. "बायकोला आणायला चाललोय," त्यांनी एका पाववालीला सांगितलं. चढाच्या मध्यावर ते हळू झाले. थांब्यावर पोचेपर्यंत त्यांना बोलवेनासं झालं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. ओठ काळेनिळे होत चालले होते. देल्फिना त्यांचा हात धरून रस्त्याकडे बघत राहिली. त्यांच्याकडे बघणं तिनं टाळलं.

मिनीबस आली. कारानावीची बस जिथून सुटते त्या अड्ड्याचं नाव आतून कोणी तरी पुकारलं. मास्तरांनी एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"आपल्याला यात बसायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग कुठं निघालो होतो मी?"

"शाळेत. पण आज रविवार आहे."

"हो का," मास्तर म्हणाले आणि ओशाळं हसले. "मी पण ना."

सोमवारी तिनं डॉक्टरांना फोन केला. बाबांचं बिघडलंय, आईला ओळखत नाहीत, घर सोडून जायला निघतात, मशीन घेऊन जा. डॉक्टर आले. मशीन उचलताना तेच शरमिंदे झाले होते. "माझंच काही तरी चुकलं असणार," ते म्हणाले. "मास्तरांना उगाच त्रास झाला." देल्फिनानं त्यांची समजूत घातली नाही. इलारियानं मात्र त्यांना चहा दिला, आणि या खेपेला कप त्यांच्या हातात दिला.

७

हिवाळा सरला. मास्तर आता शाळेच्या फाटकाशीही जात नाहीत. उन्हात खुर्ची टाकून बसतात, इलारिया शेजारी बसून त्यांना पाव भरवते. लोक म्हणतात, म्हाताऱ्याची काय सेवा करते बाई. वेणी घालताना तिची बोटं मानेला लागली की देल्फिना डोळे मिटून घेते. नको म्हणत नाही.

पहिल्या पावसानंतर एक ड्रायव्हर दुकानात आला. जॅकेटची चेन तुटली होती. खाली कारानावीच्या रस्त्यावर गाडी चालवणारा, बोलघेवडा.

"रस्ता कसा आहे, कासेरो?" देल्फिनानं विचारायचं म्हणून विचारलं. गिऱ्हाइकाला इथं कासेरोच म्हणतात.

"असतो तसाच. दरडी, धुकं." तो काउंटरवर रेलला. "त्या वळणावर चहाची टपरी आहे बघा, तिथं एक म्हातारी असते. कपबश्या धुते. वरून आलेली गाडी थांबली की येऊन विचारते, माझ्या घरून कोणी आलंय का? दोनदा स्वतः यायला निघाली होती म्हणे, पण घाटमाथ्यावर पोचेपर्यंत शुद्ध हरपली, परत खाली सोडावं लागलं. ही हवाच तिला सोसत नाही आता. डोकंही जरा हललंय. नवरा मास्तर आहे म्हणते, येईल न्यायला."

आत अंगणात पाट्यावर दगड डुलत होता.

"फार तोंडाळ आहे," ड्रायव्हर हसला. "चहा सांडला तर आई-बाप काढते. नावही सांगितलं होतं तिनं. काय बरं... इथल्याच कुठल्या वस्तीतली म्हणाली. जिभेवर आहे बघा..."

"साधी चालेल, का पितळेची दाखवू?" देल्फिना म्हणाली.

"काय?"

"चेन. पितळेची टिकते."

"पितळेचीच द्या मग," ड्रायव्हर म्हणाला.

तिनं जॅकेट काउंटरवर पसरलं, टेप घेतली आणि माप काढलं. माप काढताना आपला हात जरासुद्धा थरथरत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि मान वर करून त्या माणसाकडे बघायची तिला लाज वाटली.